कपाट एक, कुलपं दोन

घरातलं शस्त्र आणि काडतुसं यांबद्दल परवानाधारक वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. तुमच्या परवान्यावरच्या अटी काय सांगतात ते आधी बघा. खाली जे लिहिलंय ते त्यानंतरचं.

प्रश्न : बंदूक आणि काडतुसं मी एकाच पोलादी कपाटात ठेवतो. कुलूप चांगलं आहे, किल्ली माझ्याकडेच असते. शूटिंग क्लबातले काही जण म्हणतात काडतुसं दुसऱ्या खोलीत हवीत, काही म्हणतात काही गरज नाही. बरोबर कोण?

कपाट एक असायला हरकत नाही. कुलूप मात्र एक नको.

दुसऱ्या खोलीतल्या उघड्या ड्रॉवरमध्ये पडलेली काडतुसं वेगळी ठेवलेली नसतात, नुसती लांब ठेवलेली असतात. आणि घरातलं लांबचं अंतर ते किती, तर पंधरा पावलं. याउलट त्याच कपाटात वरच्या बाजूला पत्र्याचा छोटा कप्पा असेल, त्याला स्वतःचं कुलूप असेल आणि त्याची किल्ली बंदुकीच्या किल्लीबरोबर नसेल, तर बंदूक हाती लागलेल्या माणसाला अजून एक दार उघडायचं राहतं. उपयोग त्या दुसऱ्या दाराचा आहे.

कायदे काय म्हणतात तेही बघू. कॅनडात काडतुसं शस्त्रासोबत ठेवता येतात, पण तशी ठेवायची तर ती भक्कम कुलूपबंद पेटीत किंवा कपाटात हवीत. जर्मनीने २०१७ साली नियम बदलले तेव्हा भर कपाटाच्या मजबुतीवर दिला. नवं कपाट युरोपीय मानकाच्या किमान शून्य श्रेणीचं लागतं आणि त्या श्रेणीच्या कपाटात शस्त्र व दारूगोळा एकत्र चालतो. तेव्हा एकत्र चालतं म्हणणाऱ्यांना कायद्याचा आधार आहे, पण तो भक्कम कपाटाच्या अटीवर.

मग आम्ही दुसऱ्या कुलपाचा आग्रह का धरतो? अमेरिकेतला एक अभ्यास २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २० वर्षांखालच्या मुलांच्या हातून ज्या घरगुती शस्त्रांनी अपघात किंवा आत्महत्येचे प्रसंग घडले, ती शस्त्रं कशी ठेवलेली होती याची तुलना त्यात इतर घरांतल्या शस्त्रांशी केली होती. शस्त्र कुलपात, शस्त्र रिकामं, काडतुसं कुलपात आणि काडतुसं शस्त्रापासून वेगळी, या चारही सवयींचा फायदा दिसला. गुणोत्तरं अनुक्रमे ०.२७, ०.३०, ०.३९ आणि ०.४५. १ म्हणजे काहीच फरक नाही. आकडा जितका लहान, तितका धोका कमी. वेगळं ठेवण्याचा नंबर चौथा आहे, हे वाद घालणाऱ्या दोन्ही गटांनी नीट बघावं. बंदूक भरलेली ठेवून काडतुसांची पेटी माळ्यावर टाकणारा माणूस चौथी गोष्ट करतो आणि दुसरी विसरतो.

किल्ल्यांचं एक सांगून ठेवतो. दोन्ही किल्ल्या एका कडीत अडकवल्या की दोन कुलपांचं एक कुलूप झालं. देव्हाऱ्यामागे, कपड्यांच्या घडीखाली, घड्याळाच्या मागे या जागा घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला तुमच्याआधी ठाऊक असतात. एक कुलूप किल्लीचं आणि दुसरं आकड्यांचं ठेवलं तर हा प्रश्न बराचसा सुटतो. आकडा जन्मतारखेचा किंवा गाडीच्या नंबराचा नको.

प्रश्न : शस्त्र 'रिकामं' असल्याची पक्की खात्री कशी करायची? मॅगझीन काढून ठेवलं की पुरे ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी माणसं गेली आहेत. मॅगझीन म्हणजे काडतुसांची पेटी निघाली तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, चढलेलं काडतूस तिथेच असतं. मॅगझीन बाहेर असताना चाप दाबला जाऊ नये अशी सोय काही पिस्तुलांत असते, पुष्कळांत नसते.

क्रम असा. नळी अशा दिशेला धरा जिथून गोळी सुटली तरी कुणाला लागणार नाही. शेजारच्या खोलीची भिंत ही तशी दिशा नव्हे. बोट चापाच्या बाहेर. आधी मॅगझीन काढा, मगच स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढा. उलट केलंत तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधलं दुसरं आत ढकलते. मग माणूस मॅगझीन काढतो, बाहेर पडलेल्या काडतुसाकडे बघतो आणि समजतो की झालं रिकामं. स्लाइड दोन-तीनदा ओढा, मागे अडकवून ठेवा, उजेडात चेंबर बघा आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपा. डोळ्याला सवयीने 'रिकामं' दिसतं, बोटाला तसं होत नाही.

रिव्हॉल्वरचा सिलिंडर बाहेर काढून सगळी घरं मोजा. दुनळी मोडून दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहा. नळीखाली लांब नळकांड्याचं मॅगझीन असलेल्या बंदुकीत शेवटचं काडतूस कधी कधी स्प्रिंगपाशी अडकून राहतं, त्यामुळे बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) चार-पाच वेळा मागे-पुढे केल्यावरही आतला फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची काडतुसं रेटणारी टोपी, डोळ्यांना दिसेपर्यंत खात्री मानू नका.

ट्रिगर लॉक, म्हणजे चापावर बसवायचं कुलूप, भरलेल्या शस्त्रावर कधीही लावू नका. लॉक बसवताना त्याची दांडी चापापाशी जाते आणि तिथेच गोळी सुटू शकते. पिस्तुलासाठी केबल लॉक, म्हणजे तारेचं कुलूप, बरा. मॅगझीनच्या खाचेतून घालून, वापरलेलं काडतूस जिथून बाहेर पडतं त्या वरच्या खिडकीतून बाहेर काढला की स्लाइड मिटतच नाही, म्हणजे शस्त्र रिकामं असल्याचं लांबूनही दिसतं.

प्रश्न : काडतुसं कपाटात असताना घराला आग लागली तर गोळ्या चहूकडे सुटतील ना? तेवढ्यासाठी तरी ती वेगळी ठेवावीत असं वाटतं.

भीती रास्त आहे, पण चित्र चुकीचं आहे. गोळीला वेग मिळतो तो चेंबर आणि नळीमुळे. दारू पेटल्यावर वायूला सुटायला एकच वाट असते, म्हणून सगळा दाब गोळीच्या पाठीशी लागतो. उघड्यावर पडलेलं काडतूस तापलं की दारू पेटते आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, फाटते. पुंगळी गोळीपेक्षा हलकी, त्यामुळे उडते बहुधा तीच. पितळेचे तुकडे आणि प्रायमरची (ठोका बसताच दारू पेटवणारी) टिकली जवळच्या माणसाला जखम करू शकतात, डोळा जाऊ शकतो. पण ही बंदुकीतून सुटलेली गोळी नव्हे. अग्निशामक दलाच्या जवानाचा जाड पोशाख आणि चेहऱ्यावरचं कवच हे तुकडे सहसा अडवतं.

खरा धोका चेंबरमध्ये काडतूस असलेल्या बंदुकीचा. ती आगीत तापली की चाप न दाबता सुटते, पूर्ण वेगाने आणि नळी जिकडे असेल तिकडे. आगीचा विचार करायचाच असेल तर तो इथे करा.

'फायरप्रूफ' तिजोरीवर फार विसंबू नका. कागद वाचवण्यासाठी बनवलेल्या तिजोरीची कसोटी अशी असते की ठरलेल्या वेळात आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. कागद तिथवर तग धरतो. धूरविरहित दारूतलं नायट्रोसेल्युलोज साधारण त्याच सुमाराला, १७० च्या आसपास, आपोआप पेटू शकतं. म्हणजे तिजोरी कसोटीला उतरेल, कागदपत्रं वाचतील आणि काडतुसं तरीही फुटतील.

आणखी एक. ज्यांना घरी काडतूस भरण्याची परवानगी आहे, त्यांनी सुटी दारू कधीही जाड, हवाबंद लोखंडी डब्यात भरून ठेवू नये. कंपनीचा पातळ डबा मुद्दामच कच्चा असतो. आत आग पोचली की तो लवकर फुटतो आणि दारू नुसती भडकून जळते. जाड डबा दाब धरून ठेवतो आणि मग बॉम्बसारखा फुटतो. हौसेने भक्कम डबा आणणाऱ्याने नेमकी उलटी सोय केलेली असते.

प्रश्न : चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या काडतुसांवर हिरवे डाग आलेत. तेल लावून पुसू का?

पुसा, पण कोरड्या फडक्याने. तेल नको. पातळ तेल प्रायमरच्या कडेने आत झिरपलं तर तो निकामी होऊ शकतो आणि ऐन वेळी नुसता 'टक' आवाज येतो. शिवाय तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला नीट धरत नाही, बोल्टवर जास्त जोर येतो.

डागांचं कारण पट्टाच आहे. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार पितळेतल्या तांब्याला खातात, त्यातून तो हिरवा थर येतो. पट्टा काडतूस नेण्यासाठी. ठेवायला मूळ पुठ्ठ्याचा खोकाच बरा. त्यावर बोअर, भार आणि लॉट नंबर छापलेला असतो, म्हणून तो फेकूही नका. फोम घातलेल्या सुंदर पेटीचंही तेच. तो फोम ओल धरतो आणि बंदुकीला बरोबर त्याच आकाराचा गंज चढतो.

डाग वरवरचा असेल आणि पुसल्यावर पितळ गुळगुळीत लागत असेल तर काडतूस चालेल. नखाला खड्डा लागला, पुंगळीच्या गळ्याशी बारीक उभी चीर दिसली किंवा गोळी बोटाने हलली तर ते बाजूला काढा.

चिरेवरून आठवलं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्करात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पुंगळी घडवताना पितळात राहिलेला ताण, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पितळ चिरतं, हा उलगडा १९२१ साली झाला. आज घरात तबेला नसतो, पण नळीतलं तांबं काढायच्या काही द्रावणांत आणि पितळ चमकवायच्या काही पॉलिशांत अमोनिया असतो. या बाटल्या काडतुसांच्या कप्प्यात ठेवू नका. बंदूक आणि काडतुसं एकत्र की वेगळी यावर एवढी चर्चा होते, पण बाटली आणि काडतुसं वेगळी ठेवा असं फार थोडे सांगतात.

प्रश्न : कपाटात ओल किती असावी? सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, पण त्या काम करतात की नाही कळत नाही.

सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के. त्याच्या खूप खाली गेलं तर लाकडी दस्ता आक्रसून तडकतो, ६०-६५ च्या वर राहिलं तर गंज सुरू होतो. पोलाद आणि पितळ दोघांनाही हाच पट्टा मानवतो, त्यामुळे निदान या बाबतीत बंदूक आणि काडतुसांचं भांडण नाही.

आधी छोटा आर्द्रतामापक आणा आणि तो खरं बोलतो का हे तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून पिशवी रात्रभर एकाच तापमानाला राहू द्या. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ६९ दाखवलं तर तो ६ ने कमी सांगतो. तेवढं पुढे मिळवत चला.

जेल रंग बदलणारं घ्या. नारिंगी दाणे हिरवे झाले, किंवा निळे गुलाबी झाले, की पोट भरलं समजा. ताटलीत पसरून सुमारे १२० अंशांवर एक-दोन तास तापवले की पुन्हा कोरडे होतात. छापील पिशवीतल्या पुड्या मात्र तापवू नका, पिशवी वितळते. दार रोज उघडत असाल तर जेलची धाव पुरत नाही, तिथे कपाटाच्या तळाशी बसवायची विजेची गरम दांडी लागते.

बाहेरून थंड झालेली बंदूक किंवा खोका उबदार खोलीत आणल्या आणल्या कपाटात कोंबू नका. थंड धातूवर दव धरतं आणि ते दार लावून तुम्ही आत बंद करता. तास-दोन तास नजरेसमोर राहू द्या, पुसा, मग ठेवा. माळा आणि गाडीची डिकी या दोन जागा काडतुसांसाठी बाद. रोजच्या तापण्याने दारूतलं स्थिरक, म्हणजे ती टिकवणारं रसायन, लवकर संपतं.

प्रश्न : शस्त्र स्वसंरक्षणासाठी घेतलंय. दोन कुलपं उघडत बसलो तर त्याचा उपयोग काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. उत्तर उशीखाली किंवा पलंगाच्या ड्रॉवरमध्येही नाही. चार-सहा बटणांची किंवा बोटाच्या ठशाची छोटी तिजोरी भिंतीला किंवा पलंगाच्या चौकटीला बोल्टने आवळता येते आणि सवय असेल तर काही सेकंदांत उघडते. कायदा परवानगी देत असेल तर त्यात शस्त्र आणि मॅगझीन बाजूबाजूला ठेवता येतात, पण चेंबर रिकामा. इथे दुसरं कुलूप आपण सोडतो आहोत, हे डोळे उघडे ठेवून मान्य करायचं. म्हणून हा बंदोबस्त मुलं नसलेल्या घरात, एका शस्त्रापुरता आणि तुम्ही घरात असतानाच. घराबाहेर पडताना सगळं मोठ्या कपाटात.

ठशाची तिजोरी ओल्या किंवा भेगाळलेल्या बोटाला दाद देत नाही, त्यामुळे आकड्यांची सोयही हवी. बॅटरी संपायची वाट न बघता वर्षातून एकदा बदला. जादा किल्ली त्याच तिजोरीत ठेवणारे लोक आहेत, म्हणून सांगतो : ती तिथे नको.

मोठ्या कपाटात भरलेलं मॅगझीन म्हणजे काडतुसंच; ते काडतुसांच्या कप्प्यात जायला हवं. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. स्प्रिंग थकते ती दाबण्या-सोडण्याच्या फेऱ्यांनी.

प्रश्न : घरातला एक तरुण गेले काही महिने फार खचलेला आहे. शस्त्र कुलपात आहे. तेवढं पुरे का?

नाही. शस्त्र घराबाहेर हलवा. शस्त्र ठेवून घेण्याचा परवाना असलेला विक्रेता, पोलीस ठाणं, क्लबाचं शस्त्रागार, यांपैकी तुमच्या कायद्यात जे बसेल ते, आणि पावती घेऊन. ते होईपर्यंत निदान काडतुसं तरी आजच बाहेर जाऊ द्या, किल्ल्या आणि आकडे बदला. कुलूप अनोळखी माणसाला अडवतं. घरातल्या माणसाला किल्ली शोधायला सगळा वेळ असतो. आत्महत्येच्या विचाराची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. त्या मुलाशी सरळ बोला आणि डॉक्टरांकडे न्या. आत्महत्येबद्दल विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरतं, ही समजूत चुकीची आहे.

प्रश्न : माझ्याकडे १२ बोअर आणि २० बोअर अशा दोन बंदुका आहेत. काडतुसं एका डब्यात चालतील?

चालणार नाहीत. अजिबात नाही. २० बोअरचं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे सरकतं आणि चेंबर जिथे निमुळता होतो तिथे अडकतं. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते. चाप दाबला तर काहीच होत नाही. मग माणूस मागे १२ चं काडतूस भरतो, तेही बसतं, आणि पुढच्या बारात नळी फुटते, बहुधा पुढचा हात जिथे असतो तिथेच. २० ची काडतुसं पिवळी बनवण्याची पद्धत त्यासाठीच पडली. पण मळकट उजेडात जुन्या पिवळ्याचा भरवसा धरू नका. डबे वेगळे, त्यावर मोठ्या अक्षरात बोअर, आणि खिशात एका वेळी एकाच बोअरची काडतुसं.

रायफलवाल्यांसाठी तशीच जोडी .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ ची. पहिलं दुसऱ्याच्या मॅगझीनमध्ये निमूट बसतं आणि कधी कधी चेंबरमध्येही चढतं.

प्रश्न : कपाटाचा काडतुसांचा कप्पा वरच्या बाजूला आहे. तो भरल्यापासून दार उघडलं की कपाट पुढे झुकतं.

म्हणजे ते भिंतीला आवळलेलं नाही. १२ बोअरच्या २५ काडतुसांच्या खोक्याचं वजन किलोभराच्या वर जातं. असे दहा खोके वर ठेवले की दहा-अकरा किलो डोक्यावर आले. आज कप्पा निम्मा रिकामा करा. मग विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत, पाठीमागून, किमान चार ठिकाणी १० मिमीचे विस्तार बोल्ट घाला. जिप्समच्या पोकळ भिंतीत बोल्ट धरत नाही. बाहेरची ओल येणारी भिंतही टाळा. बोल्टची डोकी कपाटाच्या आतच असावीत. बाहेर असतील तर चोर पाना घेऊन येतो आणि अख्खं कपाटच नेतो, मग आत कुलपं दोन असोत की चार.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात कागदी पुंगळीची जुनी काडतुसं सापडली. काही फुगलेली आहेत. काय करू?

वापरू नका. फुगलेलं कागदी काडतूस चेंबरमध्ये अर्धवट अडकतं आणि ठोकून बसवायचा मोह होतो. उघडून दारू काढू नका, जाळू नका, पुरू नका, कचऱ्यात टाकू नका. दारूला आंबट, झोंबणारा वास येत असेल किंवा पुठ्ठ्यावर तांबूस डाग असतील तर खोका हलवूसुद्धा नका; फोटो काढा आणि पोलिसांना कळवा. वास-डाग नसतील तर नग मोजून लिहून ठेवा, आहेत त्या खोक्यात कुलूप लावून ठेवा आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. ही काडतुसं तुमच्या परवान्यावर नाहीत, त्यामुळे ती स्वतः गाडीत घालून जमा करायला निघू नका. कशी आणि कुणी न्यायची ते आधी तिथे विचारून घ्या.